पूनमने कुणाला मत दिलं

"सगळ्यांना तोच नंबर लिहायला सांगीन," पूनम म्हणाली. अस्खलित फिनिशमध्ये, एकही चूक न करता. मी कपाळाला हात लावला.

ही तिच्या इंटरव्ह्यूची रंगीत तालीम होती. पूनम उमरखेडकडच्या बंजारा तांड्यावरची, नर्सिंग झालेली. फिनलंडमधल्या एका वृद्धाश्रमात जागा होती. मीही तिकडे अशाच वृद्धाश्रमात बरीच वर्षं नोकरी केली, आईच्या आजारपणासाठी परत आले आणि यवतमाळला लोहाऱ्याच्या रस्त्यावर खोली घेऊन फिनिशचा क्लास काढला. पूनमचं सिलेक्शन आधी एकदा हुकलं होतं. या वेळी हुकलं तर लग्न, असं घरी ठरलेलं.

नर्सला राजकारणाचे शब्द कशाला, असं लोक विचारायचे. अहो, तिकडचे म्हातारे सकाळच्या कॉफीबरोबर दुसरं बोलतात काय! वालित म्हणजे निवडणूक. एदुस्कुन्ता म्हणजे संसद. हाल्लितुस म्हणजे सरकार. त्याचं कौतुक माझ्या कानांनी कधी ऐकलं नाही. आणि वालिसालाइसुस म्हणजे मतदानाची गुप्तता. हा शब्द महत्त्वाचा, कारण निवडणूक आली की अधिकारी मतपत्रिका घेऊन वृद्धाश्रमातच येतात. म्हातारी माणसं आपल्या उमेदवाराचा नंबर कागदावर लिहितात. नर्सने त्यात पडायचं नसतं.

म्हणून मी विचारलं होतं, "आजोबा म्हणतात, कुणाला मत देऊ? तू काय करशील?" पूनम आश्रमातल्या सगळ्यात वडील आजोबांना विचारणार होती आणि त्यांचा नंबर सगळ्यांना सांगणार होती.

"अगं, गुप्ततेचा अर्थ पाठ आहे ना तुला?"

"हाय ना मॅडम. दुसऱ्या पार्टीले नाई सांगायचं."

तांड्यावर मतदानाआधी नसाब बसते, म्हणजे सगळ्या तांड्याची बैठक. पूनमचे आजोबा तिथले नायक. ते सगळ्यांचं ऐकून घेतात आणि मग एक ठरतं. "आमची मतं फुटली असती त तांड्यावर डांबरी रोड आला असता काय?" तिने मलाच विचारलं. आमचं तरी काय वेगळं होतं? आमच्या घरी वडील मतदानाच्या सकाळी चहा पिता पिता चिन्ह सांगायचे, आणि आम्ही घरचे सगळे तेच दाबून यायचो.

शेवटी मी कोपऱ्यात दोरीवर साडी टाकली, आत बुटाचा खोका ठेवला. मतदान कशाचं, तर क्लासची सहल कुठे न्यायची याचं. एकेक मुलगी आत जायची आणि बाहेर येताच ओरडायची, "मॅडम, मी टिपेश्वरले देल्लं!" पुन्हा मतदान घेतलं. "मॅडम, पूनमनं बी टिपेश्वरलेच देल्लं, मी पाह्यलं!" हसून हसून पोट दुखायचं. त्या खोलीत आता मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. मुली ॲपवर शिकतात. तिथून जाताना मला ती साडी आठवते आणि चुकल्याचुकल्यासारखं होतं.

त्याच सुमारास पूनमच्या गावची ग्रामपंचायत निवडणूक आली. ती मत द्यायला गेली आणि गप्प होऊन परतली. विचारलं तर म्हणाली, "काई नाई."

इंटरव्ह्यूच्या दिवशी आजोबा तिच्यासोबत एसटीने आले. पांढरा पटका, ताठ मान. मागच्या बाकावर बसले. नातीशी एक शब्द नाही.

लॅपटॉपवर तिकडच्या मॅनेजरबाई आल्या. कामाचे प्रश्न झाले आणि मग ‘आजोबा विचारतात, कुणाला मत देऊ?’ हा प्रश्न आलाच. पूनम म्हणाली, "आजोबांची व्हीलचेअर टेबलापाशी नेईन, अधिकाऱ्याला बोलवीन आणि मी दाराबाहेर थांबेन."

बाई हसल्या. "आजोबा चिडले तर?"

पूनमने मागच्या बाकाकडे पाहिलं. मग ती सावकाश फिनिशमध्ये म्हणाली, "माझे आजोबाही चिडलेत. गावच्या निवडणुकीत मी कुणाला मत दिलं, ते त्यांना सांगितलं नाही. फार जड गेलं मला."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

स्क्रीन बंद झाली तसे आजोबा उठले. "मॅडम, पोट्टी माह्याकडं पाहून काय बोलली जी?"

मी सांगितलं. ते पूनमजवळ आले.

"म्हंजे नोकरीसाठी हे शिकून राह्यलती? मले वाटे, लग्नाच्या गोष्टीवरून रुसली माह्यावर. म्हनून मीबी बोलाचं सोडलं." त्यांनी पूनमच्या डोक्यावर हात ठेवला. "नको सांगू बाई. कोनालेच नको सांगू."

पूनम रडत होती. खोटं कशाला बोलू, मीही रडले.

पुढच्या आठवड्यात मेल आला. सिलेक्शन झालं, लग्नाचा विषय मागे पडला.

मात्र इंटरव्ह्यूच्या दिवशी मी दोघांना सोडायला एसटी स्टँडवर गेले होते. पूनम पाण्याची बाटली आणायला गेली, तेव्हा आजोबा माझ्याजवळ सरकले. इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "पन मॅडम, तुमाले त सांगतलं असन तिनं?"

"नाही सांगितलं, दादा."

खरं तर मलाही तिला विचारायचा मोह दोनदा तरी झाला होता. तो शब्द शिकवायला मला एक तास लागला. पाळायला अजून लागतोय.