वरून हात घालू नका

खालच्या मजल्यावरच्या अन्नपूर्णाबाईंशी माझं दोन वर्षांत झालेलं सगळं बोलणं एका पोस्टकार्डावर मावलं असतं. "पाण्याची लॉरी आली का?" "आली." "मोटर लावली का?" "लावली." त्या तंजावरकडच्या मराठी, पुतण्याकडे राहणाऱ्या. त्यांची मराठी माझ्या कानाला फार जुनी वाटे आणि तिला हेल तमिळचा; माझी साताऱ्याची त्यांना भांडल्यासारखी वाटत असावी. शिवाय मी मुळातच बोलण्यात कच्चा, आणि लिहिण्यात त्याहून. पण सूनबाई म्हणाली, "बाबा, हे तुम्हीच लिहायला हवं, दुसऱ्या कुणी पाहिलंच नाही." ते खरं आहे, म्हणून लिहितो.

२००६ सालचा मे महिना. चेन्नईत, नुंगंबाक्कममध्ये, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. बायको गेल्यावर मी साताऱ्याचं घर बंद करून मुलाकडे, देवेशकडे, राहायला आलो होतो. देवेश कॉम्प्युटरच्या कंपनीत. सकाळी आठला बाहेर पडला की घरी यायचा त्याचा नेम नसे. सून ऋजुता माझ्या नातीला, अवनीला, घेऊन महिनाभर नाशिकला माहेरी गेली होती. मागे राहिलो मी आणि बटाटा.

बटाटा म्हणजे अवनीचा गिनीपिग. तपकिरी, गोल, शेपूट नाही. पिंजऱ्यात बसला की बाजारातून आणलेला बटाटा कुणी तिथे ठेवून विसरल्यासारखा दिसे. जाताना अवनीने मला वहीच्या कागदावर सूचना लिहून दिल्या होत्या. शेवटच्या सूचनेखाली दोन रेघा मारलेल्या: "रोज मांडीवर घ्यायचं, नाहीतर तो माणसांना विसरेल."

मी रोज घेत असे. पिंजऱ्याचं वरचं झाकण उघडून हात घालायचा, तो या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळायचा, शेवटी सापडायचा. मांडीवर आला की मात्र दगडासारखा गप्प. फोनवर मी अवनीला सांगे, "माझ्याजवळ किती शांत बसतो म्हणून सांगू! जरा हलत नाही."

"खरंच आजोबा? माझ्याकडे तर नुसती चुळबुळ करतो."

मला थोडा अभिमानच वाटायचा, कबूल करतो.

तिसऱ्या आठवड्यात उन्हाळा असा तापला की भिंतीला हात लावला तर चटका बसे. बटाट्याने खाणं कमी केलं आणि एका सकाळी गाजराकडे पाठ फिरवून बसला. मी त्याला टोपलीत घालून रिक्षाने एग्मोरला एका जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, "ह्यांचं पोट थांबून चालत नाही. दोन दिवस खाणं गेलं नाही तर हा टिकणार नाही. हे थेंब सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. आणि भिजवलेलं खाणं पातळ करून दर तीन तासांनी सिरिंजने. घरी धरणारं कोण आहे?"

"मी," म्हणालो. दुसरं कोण होतं? अवनी आठ दिवसांनी परत येणार होती.

टोपली घेऊन जिना चढत होतो, तेव्हा अन्नपूर्णाबाई दारात निवडलेल्या भाजीची ताटली घेऊन उभ्या होत्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, नऊवारी नेसलेल्या. टोपलीवर फडकं होतं. आत काय आहे ते त्यांना दिसणं शक्य नव्हतं. आतून बारीक कटकट असा आवाज येत होता. बाई एकदम थांबल्या.

"गिनीपिग," त्या म्हणाल्या. "दात वाजवूलालं."

म्हणजे दात वाजवतंय. त्यांचं बोलणं मला जसंच्या तसं लिहिता येणार नाही, पुढे ते माझ्या भाषेतच येईल. मी विचारलं, "तुम्हांला कसं कळलं?" "रागावलंय. पण राग थोडा, भय जास्त," एवढं म्हणून आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

घरी मी औषध द्यायला बसलो. मांडीवर तो नेहमीसारखा गप्प होता, पण सिरिंज तोंडाशी नेली की असा उसळे की थेंब माझ्या सदऱ्यावर. तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा तो हातातून निसटला आणि कपाटाखाली गेला. औषध एक थेंबही पोटात गेलं नव्हतं. मी जमिनीवर बसून कपाटाखाली बघत होतो आणि मला अवनीच्या त्या दोन रेघा दिसत होत्या.

खाली गेलो. दाराबाहेर उभा राहिलो. घंटी वाजवायला काही हात वर जाईना. अन्नपूर्णाबाईंच्या पुतण्याची मुलगी कीर्तना, कॉलेजात जाणारी, बाहेरून आली.

"काय तात्ता, घंटी बिघडली आहे?"

"नाही, मी... तुझ्या आजींना गिनीपिगमधलं कळतं का?"

"पाटीला?" ती हसली. तमिळ पद्धतीने आजीला ती पाटी म्हणे आणि मला तात्ता, म्हणजे आजोबा. "पाटीने एकतीस वर्षं तेच केलं. लॅबमध्ये. आमच्याकडे ते कुणी बोलत नाही. पाटी, वरचे तात्ता आलेत!"

बाई वर आल्या. पण खोलीत येताच खुर्ची ओढून पिंजऱ्यापासून चार हात लांब बसल्या आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. "मी हात लावणार नाही," त्या म्हणाल्या. "सांगेन. करायचं तुम्ही. चालेल?"

"मला जमेल असं वाटत नाही."

"मला तरी पहिल्या दिवशी कुठं जमलेलं?"

मी बटाट्याला झाडूच्या दांड्याने हळूच बाहेर काढलं आणि माझ्या पद्धतीने मांडीवर घेतलं. "बघा, इथे शांत असतो. फक्त औषधाच्या वेळी..."

"शांत?" बाई पुढे वाकल्या. "डोळे बघा, केवढे झालेत. कान बघा. पोट किती भरभर उडतंय. शांत नाही ते, त्र्यंबकराव. डोक्यावर घार आली की असंच करतात. हललं नाही तर दिसणार नाही, असं वाटतं त्यांना."

मला फार ओशाळल्यासारखं झालं. बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात साहेबांच्या टेबलासमोर मी असाच बसलो होतो, आणि दर साली माझ्या अहवालात 'शांत व समाधानी' असा शेरा येत असे. मला तरी हे ओळखता यायला हवं होतं.

"कोण घार? मी?"

"वरून हात येतो ती घारच. वरून हात घालू नका. आणि हाताला काय लावलंय?"

"बाम. बोटं दुखतात."

"धुवा आधी. माझंच डोकं भणभणलंय, त्याचं नाक तर तुमच्या बोटाला चिकटलंय."

पहिला डोस त्यांनी माझ्याकडून असा देववला: पंचा पसरायचा. समोरून, जमिनीलगत हात न्यायचा. एक हात छातीखाली, दुसरा पाठच्या पायांखाली, पाय लोंबकळता कामा नयेत. उचललं की लगेच आपल्या छातीशी. सिरिंज समोरून नाही, गालाच्या बाजूने. एक थेंब, मग थांबायचं, त्याने गिळलं की दुसरा. "मेदुवा, मेदुवा," त्या खुर्चीतून म्हणत राहिल्या. हळू, हळू. "नाक वर झटकलं? थांबा. पुरे म्हणतंय. आता खाली ठेवा."

"अजून अर्धं उरलंय."

"ठेवा म्हणते ना. दहा मिनिटांनी पुन्हा घ्या. धरून ठेवलं की ते लढतं. सोडतात, हे कळलं की पुन्हा येतं."

पहिल्या दिवशी निम्मं औषध पोटात गेलं, निम्मं पंच्यावर. तरी त्या "पोचलं" म्हणाल्या.

त्यानंतर त्या रोज सकाळ-दुपार येऊ लागल्या. दिवसा मधल्या वेळी मी पिंजऱ्याचं बाजूचं दार उघडून जमिनीवर पालथा पडायचा, तळहात वर करून त्यावर कोथिंबीर. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. देवेश एकदा जेवणाच्या सुट्टीत घरी आला आणि मला तसा बघून घाबरला.

"बाबा! पडलात का?"

"पडलो नाही रे. मी जमीन आहे. तू पण हळू चाल."

अन्नपूर्णाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. किती दिवसांनी, ते आठवत नाही.

कॉफीच्या बाबतीत मात्र त्या कडक. मी केलेली पहिली कॉफी त्यांनी तशीच ठेवली. "ही निवलीय," म्हणाल्या. "कॉफी जिभेला कळली पाहिजे." मग मी पितळी पेला-वाटी उकळत्या पाण्याने धुऊन आणू लागलो.

चौथ्या दिवशी बटाट्याने माझ्या हातावरची कोथिंबीर ओढून नेली आणि कोपऱ्यात न जाता तिथेच बसून खाल्ली. मी एवढा खूश झालो की बोलून गेलो, "अन्नपूर्णाबाई, तुम्ही एकदा तरी हातात घ्या की. तुमच्याकडे तर धावत येईल."

खालून सायकलवाल्याची घंटी गेली.

"येतंय हो," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मला ते काम. नवरा गेला, घरात पैसा नाही, शिक्षण नाही. औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत जनावरांच्या खोलीवर लागले. दुसऱ्यांना चावत, माझ्या हातावर येत. मी छातीशी धरायचे आणि आतल्या खोलीत नेऊन द्यायचे. परत आणायला मला कधी बोलावलं नाही." त्यांनी पदर सारखा केला. "काम वाईट होतं असं म्हणत नाही. माणसांना औषध लागतं. मला मूल असतं तर त्यालाही लागलं असतं. पण त्यांना वाटायचं, ही आहे म्हणजे भय नाही. निवृत्त झाले त्या दिवशी हात धुतले. म्हटलं, आता कुणाला खोटं सांगायचं नाही."

असं कुणी मला पूर्वी कधी काही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "कॉफी ठेवू?"

"गरम असेल तर," त्या म्हणाल्या.

सहाव्या दिवशी तो स्वतःहून काकडी खाऊ लागला. सातव्या दिवशी, शुक्रवारी, मी दुपारचा शेवटचा घास भरवून त्याला खोलीत मोकळा सोडला होता. तो पंच्यावर दोनदा फिरला आणि एकाएकी हवेत उडाला. चारही पाय जमिनीपासून वर, मान एका बाजूला, धड दुसऱ्या बाजूला. खाली पडला, पुन्हा उडाला, पुन्हा मान फेकली. मला वाटलं, फेफरं आलं. औषध जास्त झालं, माझ्याच हातून झालं. मी चप्पल न घालता जिन्याने खाली धावलो आणि या वेळी दार घंटीशिवायच ठोठावलं.

"झटके येतायत! अन्नपूर्णाबाई, झटके!"

त्या पीठ मळत होत्या. तशाच पिठाच्या हातांनी दोन-दोन पायऱ्या चढून आल्या. मी दारात पोचायच्या आत त्या जमिनीवर बसल्या होत्या आणि बटाटा त्यांच्या हातात होता: एक हात छातीखाली, दुसरा पायांखाली. त्यांनी हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं, छातीला कान लावला.

"कसे झटके?"

मी मान वाकडी करून, जमेल तसं, उडून दाखवलं. या वयात.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग हसू लागल्या, अशा की खांदे हलायला लागले. "अहो, ते झटके नाहीत. आनंद झालाय त्याला. बरं वाटलं की पिल्लं अशी उडतात. तुमचा बटाटा बरा झाला, त्र्यंबकराव."

मी भिंतीला टेकून खालीच बसलो. सात दिवस छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात बाई उठल्या. बटाटा छातीशी धरून सरळ दाराकडे चालू लागल्या. दोन पावलं गेल्या, तिसऱ्याला थांबल्या. हातातल्या जिवाकडे पाहिलं, मग पिठाने माखलेल्या आपल्या बोटांकडे. बटाटा त्यांच्या मनगटावरचं पीठ चाटत होता आणि त्याच्या गळ्यातून घुर्रर्र असा मऊ आवाज येत होता. माझ्याजवळ त्याने तो कधी काढला नव्हता.

"कुठं नेऊ लागले मी?" त्या म्हणाल्या.

"कुठंच न्यायचं नाही की ह्याला," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि परत येऊन खुर्चीवर बसल्या. या वेळी पिंजऱ्याशेजारी ओढून.

खालून कीर्तनाने हाक मारली, "पाटी, पीठ सुकतंय!" बटाटा त्यांच्या मांडीवर पाठचे पाय ताणून, मऊ भाकरीसारखा पसरून झोपला होता. हे गप्प बसणं आणि माझ्या मांडीवरचं गप्प बसणं, दोन्ही आता मला वेगवेगळी दिसत होती.

मी कॉफी करून आणली. पेला-वाटी उकळत्या पाण्याने धुतलेली. त्यांच्या हातांशी नेऊन धरली.

"ठेवा तिथे," त्या कुजबुजल्या. "आता हात काढला तर जागं होईल."

"निवेल हो."

"निवू दे."

रविवारी अवनी आली, तेव्हा तो तिच्या आवाजाने शीळ घालत पिंजऱ्याच्या दाराशी धावला; ती नाचली आणि मला मिठी मारली. तेही फार चांगलं होतं. पण त्या शुक्रवारी अन्नपूर्णाबाई पाऊण तास तशाच बसून राहिल्या, आणि शेवटी ती कॉफी, वर साय धरलेली, पार थंड झालेली, एका घोटात पिऊन गेल्या. चांगली झाली होती, असंही म्हणाल्या.