बुटक्या बाकावरचे मास्तर

परदेशी भाषा वर्गात कशा शिकवायच्या, ते माझी नणंद शिक्षकांना शिकवायची. त्यांना ती पोरांच्या बुटक्या बाकांवर बसवायची. गुडघे हनुवटीला टेकले की म्हणायची, "आता कळलं, पोरांना कसं अवघडल्यासारखं होतं ते?"

एकदा मी तिचा डबा द्यायला गेले, तर शाळेनं परदेशी भाषाही शिकवायला सांगितलेले गणिताचे म्हातारे मास्तर पिशवी उचलून निघालेले. "या वयात चुकलो तर पोरं हसतील हो!"

नणंदेनं मलाच पुढे ढकललं. "वहिनी, फळ्यावरचा हा परदेशी नमस्कार तू म्हण बघू."

मी दुसरी पास! तो नमस्कार मी असा काही ठोकला की सगळे पोट धरून हसले. मीही हसले. मास्तरांनी पिशवी खाली ठेवली.

नणंद आता नाही. मास्तर मात्र बाजारात भेटले की तोच नमस्कार करतात, माझ्यासारखाच चुकीचा.