तिसऱ्यांची रेती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

परळच्या एका इस्पितळात, मुलांच्या वॉर्डात मी नर्स होते. गिरण्यांच्या संपानंतरची वर्षं. वडील कामाला होते ती गिरणी बंदच पडली, घर माझ्या पगारावर चालायचं. नोकरीची धास्ती होती — पण तिच्याआड मी लपणार नाही.

शेवंता नावाची सात-आठ वर्षांची मुलगी टायफॉइडनं दाखल झाली. कोळ्यांची पोर, आई मासळी विकणारी. शिरेतून इंजेक्शन रोज मीच द्यायचे. ताप उतरू लागला आणि पोरीचं पोट दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. आईनं येऊन सांगितलं. मी म्हटलं, पित्त झालंय, होईल बरं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा सांगितलं. डॉक्टरांच्या कानावर घालायला नको होतं का? नाही घातलं. कोळणी उगाच बोभाटा करतात — असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

पोर कळवळायला लागली तेव्हा सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे. डॉक्टर मला म्हणाले, काही मुलांना या इंजेक्शनानं होतं असं. औषध बदलू, खडे आपोआप विरघळतील. आईला समजावा, म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

आईच्या कानावर फक्त 'खडे' एवढंच पडलं होतं. ताकद यावी म्हणून ती घरून तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण आणून पोरीला भरवायची. तिचा चेहराच उतरला. "सिस्टर, तिसऱ्यांची रेती रायली असंल काय वो?"

शिंपल्यातली रेती पित्ताशयात जाते का कधी? मला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी — सुटल्यासारखं वाटलं. इंजेक्शनाचं नाव काढलं असतं तर तिनं विचारलं असतं, मी सांगत होते तेव्हा तुम्ही काय केलंत?

मी म्हटलं, "असेल. नीट धुवत जा."

पोर बरी झाली. पुढे तपासणीला आजी घेऊन आली, आई मागे उभी. आजी मला म्हणाली, हिच्या हातचं आता पोरीला देतच नाही मी. आईनं मान खाली घातली, भर वॉर्डात. खडे विरघळल्याचं मला तेव्हा ठाऊक होतं, आणि ते कशानं झाले होते तेही. मी दोघींना पुढची तारीख सांगितली.

तिसऱ्या तिनं स्वच्छच धुतल्या होत्या. मी तिला खोटं सांगितलं.