धोंडिबांचा देशी फुटबॉल

आमच्या उमरग्याच्या फुटबॉल टीमचे आता तिघंच उरलोत. भेटलो की चेंडूच्या गोष्टी निघतात. एक सांगावी तर तिच्या मागनं दुसरी येते. पहिल्या दोनला आम्ही हसतो. नंतर कुणीतरी चहाचं विचारतं.

* * *

निजामाचा जमाना. तहसीलदारसाहेबांनी हौसेनं हैदराबादहून विलायती फुटबॉल मागवून आम्हाला दिला. पिवळं गुळगुळीत कातडं, वर इंग्रजी शिक्का. आम्ही तो नुसता वासासाठीसुद्धा हातात घ्यायचो.

आमचा कॅप्टन शिवप्पा, आडतवाल्यांचा पोरगा, नुकताच खादी घालायला लागला होता. तो काही चेंडूला पाय लावीना. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "गोऱ्या साहेबाला लाथ मारली तर साहेबाला लागतं. त्याच्या चेंडूला मारली तर त्याचा नफा होतो."

लई हसलो आम्ही त्या दिवशी.

* * *

पुढच्याच आठवड्यात त्यानं मैदानात सगळ्यांसमोर त्या चेंडूवर रॉकेल ओतून काडी लावली. रबराचा घाण धूर झाला. आमचा गोलकीपर मकबूल पाठ फिरवून उभा राहिला.

जोडे शिवणारे धोंडिबा रस्त्यावर थांबून बघत होते. आमचा चेंडू उसवला की तेच शिवून द्यायचे. ते एवढंच म्हणाले, "फाटला असता तर म्या शिवला असता. राखंला टाका कसा घालू?"

* * *

मग शिवप्पानं त्यांनाच देशी चेंडू करायला सांगितलं. धोंडिबांनी बारा दिवस खपून केला. जरा लांबुळका होता, पण आपला. शिवप्पानं तो गावभर मिरवला.

एकदा हवा भरताना मकबूलला आतल्या ब्लॅडरवर इंग्रजी अक्षरं दिसली. धोंडिबांनी सरळ सांगितलं की सोलापुरात हेच मिळतं, रबर मी कुठून आणू? मकबूल म्हणाला, "कातडं आपलं, हवा आपली. हवा धरून ठेवणारी पिशवी तेवढी त्यांची."

शिवप्पानं ब्लॅडर परत कातड्यात सारलं. मग कुणाला सांगायचं नाही अशी त्यानं आम्हाला शपथ घातली. म्हणाला, "आतलं कुणाला दिसतंय?"

* * *

जर्मनची लढाई लागली आणि ब्लॅडर मिळेना झालं. आम्ही कातड्यात चिंध्या कोंबल्या. तुळजापूरच्या टीमशी सामना होता, मैदान चिखलाचं. भिजून भिजून चेंडू दगडासारखा झाला. मकबूलनं झेप घेतली आणि चेंडूचं तोंड बांधायच्या वादीची गाठ त्याच्या डोळ्यावर बसली.

डोळा गेला.

शिवप्पा दवाखान्यात रडला. देशासाठी सोसलंस, म्हणाला. मकबूल भिंतीकडं बघत होता. "देशासाठी डोळा देतो, असं म्हणालो असतो तर गोष्ट वेगळी होती," तो म्हणाला. "मी तर नुसता बॉल अडवत होतो."

तो परत मैदानावर आला नाही. आम्हीही त्याच्याकडं जायचं टाळू लागलो. धोंडिबा मात्र बरेच दिवस त्याच्यापाशी जाऊन बसायचे. पुढं त्यांनी चेंडू करणंच सोडलं आणि आपल्या वाडीला निघून गेले.

* * *

निजामाचं राज्य गेलं. मैदानावर झेंडा लागला. पहिला सामना धोंडिबांच्याच चेंडूनं खेळायचा, असा शिवप्पानं हट्ट धरला. तो आणि मी, दोघं वाडीला निघालो. ऑक्टोबरचं ऊन, दोन कोस वाट, वाटेत झाड नाही.

धोंडिबा आधी नको म्हणाले. शिवप्पानं त्यांचा हात हातात घेतला. आता तुमचं-आमचं राज्य आलं, तुमच्यासारख्या कारागिरांचाच हा देश, असं बरंच बोलला. मनापासून बोलला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

धोंडिबा आत गेले आणि पेटीतून एक चेंडू घेऊन आले. मकबूलचा डोळा गेल्यावर केलेला, एकदाही न खेळलेला. त्यावरून बोटं फिरवत म्हणाले, "गाठ आतून घेतलीय. आता कुणाला लागायचं न्हाय."

शिवप्पानं चेंडू छातीशी धरला. धोंडिबांना इतकं बरं वाटलं की ते पुन्हा आत गेले आणि घासून लख्ख केलेल्या लोटीत पाणी घेऊन आले.

शिवप्पा लोटीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आज माझा उपास हाय. पाणीसुदिक घेत न्हाय."

धोंडिबांनी मान हलवली आणि लोटी माझ्यापुढं धरली.

मी म्हणालो, "आताच पिऊन निघालो."