दाढीवाल्या खजुराखाली पहिली उकळी

ऐन झरीब नावाच्या आमच्या गावात कुणी लझहरचं घर विचारलं, तर लोक हात करून दिशा दाखवत नसत. "चहाचा वास येईल तिकडे जा," एवढंच म्हणत. लझहर तरुणपणी खजुरावर चढण्यात पटाईत होता. आता गुडघे कुरकुरत, पण नमाजाला बऱ्यापैकी वेळेवर जायचा, बायकोला घाबरायचा, म्हणजे एकूण सज्जनच. जीव मात्र त्या टीचभर निळ्या किटलीत अडकलेला.

कोळशाच्या शेगडीवर चहा उकळत बसायचं आणि एकाच किटलीतून तीनदा ओतायचं, ही आपल्याकडची रीत. पहिली उकळी काजळासारखी काळी आणि कडू, पिणाऱ्याच्या कानातून वाफ काढणारी. दुसरी जरा माणसात आलेली. तिसरी म्हणजे गोड पाणी. लझहर पहिल्या उकळीचा माणूस. तिसरी तो जावयाला आणि बागेतल्या गड्यांना द्यायचा, वर विचारायचा, "काय, लागला का कडक?"

त्या वर्षी शहीली लवकर सुटला. हा वारा वाळवंटाकडून येतो तो भट्टीचं तोंड उघडल्यासारखा. ओठ फुटतात, शेळ्या उभ्या राहतात तिथंच उभ्या राहतात, नवराबायको बोलेनाशी होतात आणि पुष्कळ घरांत त्यामुळे शांतता नांदते. पण बागेत खजुराला खजूर लागून उभा. एका ठिणगीने सगळा गाव उघड्यावर यायचा. म्हणून शहीलीत कुणी विस्तव पेटवायचा नाही, हा आजोबा-पणजोबांपासूनचा नियम. भट्ट्या बंद, शेगड्या बंद. शिळी भाकर, खजूर आणि ताक यांवर दिवस काढायचे. ज्याच्याकडून धूर निघेल, त्याने बोकड कापून अख्ख्या गावाला मटण-कुसकुसचं जेवण घालायचं.

इतर वर्षी वारा पडला की बंदी उठायची. या वेळी पाण्याच्या पाळ्या लावणाऱ्या हाज गिलानी पाटकऱ्याने मशिदीबाहेर सगळ्यांसमोर सांगितलं, "वारा पडो न पडो, ते दाढीवालं झाड साफ होईपर्यंत गावात काडी ओढायची नाही."

सगळ्यांनी एकदम लझहरकडे पाहिलं. मग त्याचा मेहुणा मिस्बाह याच्याकडे पाहिलं. दोघांनी आभाळाकडे पाहिलं.

ते झाड दोघांच्या बांधावरचं. मिस्बाहच्या बापाने लावलेलं. बुंधा मिस्बाहच्या बाजूला, पण वाऱ्याने वाकून शेंडा लझहरच्या बागेवर आलेला. खजूर पिकले की दोघंही छाती ठोकून सांगत, झाड माझं. वाळक्या झावळ्या उतरवायची वेळ आली की दोघंही मोठ्या मनाने म्हणत, झाड तुझं. त्यामुळे कित्येक वर्षांच्या सुक्या झावळ्या खोडाभोवती लोंबून त्याला अशी दाढी आली होती की गावचा इमामसुद्धा जाता-येता हेवा करी.

आता कुणी म्हणेल, दोघांपैकी एकाने चढावं आणि कापून टाकावं. पण तिथंच तर मेख. परक्याच्या झाडावर जो कोयता चालवील तो त्या मालकाचा पाचव्या हिश्श्याचा गडी, म्हणजे पिकाच्या पाचव्या वाट्यावर त्याच्या बागेत राबणारा, अशी आमच्याकडची रीत. म्हणजे लझहरने कापलं तर तो मेहुण्याचा गडी, आणि मिस्बाहने कापलं तर तो दाजींचा.

"दाजी, तुमचं झाड तेवढं साफ करा की," मिस्बाह गोड आवाजात म्हणाला. "लोकांचे हाल बघवत नाहीत हो."

"बुंधा कुणाच्या दारात आहे मेहुण्या?"

"आणि सावली कुणाच्या डोक्यावर पडते?"

"सावली मी मागवली नव्हती!"

"दोघांनाही उन्हात बांधा," मागून कुणीतरी म्हणालं.

लझहर घरी आला. चहावाचून डोकं ठणकत होतं. रिकामी किटली हुंगत बसला. बायको तरकिया, म्हणजे मिस्बाहची थोरली बहीण, कोपऱ्यात कोयत्याला धार लावत होती.

"कोयता कशाला घासतेस?"

"गंजलाय. तुमच्यासारखाच."

"मी त्या झाडाला हात लावणार नाही. तुझ्या भावाचा गडी व्हायला मी काय रस्त्यावर पडलोय?"

"मी कुठं म्हणाले? बसा हुंगत." मग धार अंगठ्याने चाचपत म्हणाली, "दुपारी आता गावात चिटपाखरू नसतं म्हणा. सगळे तळघरात पडलेले. कुणी काही केलं तर कोण बघणार?"

लझहरने नाक मुरडलं आणि पुन्हा किटलीत घातलं. पण दुसऱ्या दिवशी, ऊन डोक्यावर आल्यावर, डोक्याला ओलं मुंडासं गुंडाळून आणि कोयता कंबरेला खोचून तो आपल्या बाजूने झाडावर चढला. साफ करून गुपचूप उतरायचं, आणि लोकांनी विचारलं की म्हणायचं, वाऱ्याने पडल्या. असा त्याचा डाव.

गुडघे शिव्या देत होते. तो खोडाला बिलगून कापू लागला. आणि मध्येच थांबला. नाक वर केलं. वारा अंगावर फुफाटा फेकत होता, पण त्यात दुसरंही काही होतं. काळं, कडू, ओळखीचं.

"मेलो," तो स्वतःशी म्हणाला, "आता भासही व्हायला लागले."

भास नव्हता. बांधापलीकडे, बुंध्याच्या आडोशाला, हातभर खड्डा करून त्यात शेगडी ठेवून मिस्बाह बसला होता. त्यालाही लझहरइतकीच तलफ. दुपारी गावात चिटपाखरू नसतं, हे त्यालाही बहिणीनेच सांगितलेलं. लोंबत्या दाढीमुळे वरच्याला खालचा दिसत नव्हता, खालच्याला वरचा.

लझहरने वासाच्या तंद्रीत एक भला मोठा झुपका तोडला. वाऱ्याने तो उचलला आणि नेमका शेगडीवर नेऊन टाकला. झुपक्याने फट्कन पेट घेतला, आणि दाढीला पडलेल्या फटीतून लझहरला खाली दचकून उठलेला मेहुणा दिसला.

"मिस्बाह! आग! विझव!" वरून आवाज आला.

मिस्बाहने वर पाहिलं. नुसती दाढी. "क-कोण बोलतंय?"

"तुझा बाप बोलतोय! विझव आधी!"

झाड मरून गेलेल्या बापाने लावलेलं, दाढी बापासारखीच. मिस्बाहला काय शंका राहणार? "विझवतो बाबा, विझवतो!" म्हणून त्याने हाताला लागली ती किटली आगीवर रिती केली.

वरून काळजाला घरं पाडणारी किंकाळी आली. "अरे, पहिली उकळी होती रे ती!"

तेव्हा कुठं मिस्बाहने आवाज ओळखला. पण चहाने काय होणार? ज्वाळा लोंबत्या टोकाला चाटू लागल्या, आणि लझहर, गुडघ्यांना न विचारता, पोट खरवडत खाली आला. दोघांनी पाटातला चिखल उपसून उपसून फेकला, मुंडासं ओलं करून आगीवर बडवलं, एकमेकांच्या पाठीतही बसले दोनचार फटके. त्या वाऱ्यात आणखी एक झावळी पेटती तर आज हे सांगायला गावच उरलं नसतं. विझली शेवटी. दोघं धापा टाकत बसले, चिखलाने असे माखलेले की भट्टी लिंपायला घ्यावेत.

"तुम्ही माझ्या झाडावर कोयता चालवत होता," मिस्बाह म्हणाला. "गडी झालात."

"आणि तू शहीलीत विस्तव पेटवलास. बोकड कापावा लागेल."

मिस्बाहने पायाने शेगडीवर माती लोटली.

"मी काही पाहिलं नाही," मिस्बाह म्हणाला.

"मीही नाही."

पण जळकी टोकं लोंबत होती, ती कुणीही पाहिली असती. तेव्हा दोघं चढले. एक या बाजूने, एक त्या बाजूने, लझहरचा कोयता आळीपाळीने वापरत त्यांनी झाडाची दाढी अशी सफाचट केली की खोड नागडं दिसू लागलं. शेवटची झावळी पडली आणि खाली पाहतात तो तरकिया, कंबरेवर हात ठेवून, आणि मागे हाज गिलानी.

"बघा पाटकरी," ती म्हणाली. "दोघांनीही कोयता चालवलाय."

"दिसतंय," गिलानी म्हणाला.

"झाड माझ्या बापाचं. बाप गेला तेव्हा भावाने बाग घेतली, मला एक शेळी दिली. या झाडाचा हक्क आजपर्यंत मी मागितला नाही. आज मागते. दोघांपैकी कुणाचं काही म्हणणं असेल तर बोला. मग मीही बोलेन, कशाचा वास आला होता ते."

लझहरने मिस्बाहकडे पाहिलं. मिस्बाहने चिखलात पडलेल्या किटलीकडे. दोघांनी माना डोलावल्या, आणि वरच्या वर दोघं तरकियाचे पाचव्या हिश्श्याचे गडी झाले.

वारा पडला, शेगड्या पेटल्या. तरकियाने झाडाखाली चटई अंथरली आणि चहा मांडला. पहिली उकळी मालकिणीने घेतली, फुरके मारत. दुसरी गिलानीला दिली. मग किटलीत पाणी घालून पुन्हा उकळली, आणि जमिनीवर बसलेल्या दोन गड्यांच्या हातात दोन पेले ठेवले.

लझहरने घोट घेतला. गोड पाणी.

"काय," तरकियाने विचारलं, "लागला का कडक?"

"साखर बरी आहे," तो म्हणाला, आणि पेला चाटूनपुसून संपवला.