चेंडू येण्याआधी

दुपारच्या उन्हाला अडवण्यासाठी पडदे ओढलेल्या आमच्या खोलीत एक हिरवा उजेड पसरलेला असतो. तो टीव्हीवरच्या मैदानाचा. आवाज बंद केलेला, त्यामुळे छताच्या पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येते. त्या हिरवळीवर एक सडपातळ, कपाळ मोठं होत चाललेला माणूस उभा असतो. चेंडू त्याच्याकडे यायला निघालेला असतो आणि तो मात्र चेंडूकडे न पाहता चटकन मान वळवून मागे पाहतो. आधी एका खांद्यावरून, मग दुसऱ्यावरून. पाणी प्यायला आलेली चिमणी घोट घेण्याआधी इकडेतिकडे बघते ना, तसं. मग चेंडू येतो आणि त्याच्या पायाला लागतो न लागतो तोच दुसऱ्या कुणाकडे निघूनही जातो. पुढे कुठेतरी गोल होतो, सगळे गोल मारणाऱ्याच्या अंगावर उड्या घेतात, कॅमेराही लगबगीने त्यांच्यामागे धावतो. हा मागेच कुठेतरी राहतो. बहुधा मोजे वर ओढत असावा.

हा गृहस्थ पोर्तुगालचा, मधल्या फळीत खेळणारा, आणि आता निवृत्त. समोरच्या खुर्चीत बसून त्याचे जुने सामने पुन्हापुन्हा पाहणारे माझे यजमान, दत्तात्रय, हेही मधल्या फळीतलेच आणि आता निवृत्तच. फरक इतकाच, की यांची नोकरी नगरजवळच्या सुप्याच्या एका कारखान्यात झाली आणि यांचं मैदान भिंगारच्या बाजूचं, जिथे गवतापेक्षा मुरूम अधिक उगवतो. एरवी मी या फुटबॉलच्या वाटेला गेले नसते. शाळेत मराठी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आणि बावीस माणसांनी एका चेंडूमागे धावण्यात काय हशील आहे, हा प्रश्न मी लग्नानंतर लवकरच सोडून दिला होता. तो पुन्हा हाती घ्यावा लागला, त्याला कारण एक सत्कार.

आपल्याकडचे सत्कार तुम्हाला ठाऊक आहेतच. फेटा, शाल, श्रीफळ आणि माईक! यातला माईक सर्वांत धोक्याचा. सत्कारमूर्ती समोर उभी राहिली, की तिला आहे तशी लोकांपुढे ठेवणं आपल्याला अपमानास्पद वाटतं; थोडी उंच करून, थोडी उजळून ठेवल्याशिवाय आपलं प्रेम समाधान पावत नाही. यंदा दिवाळीनंतर मैदानावर जुन्या खेळाडूंचा सत्कार झाला, तेव्हा माईक होता रफिकभाईंच्या हातात. रफिकभाई म्हणजे यांचे बालमित्र. त्या काळचे गोलरक्षक, आता कापडबाजारात शिवणकामाचं दुकान चालवतात आणि संध्याकाळी गावातल्या पोरांचा संघ. यांच्या डोक्यावर फेटा चढताच रफिकभाईंनी गर्दीला सांगून टाकलं, की दत्ताभाऊंनी या मैदानावर मारलेले गोल कुणी विसरणार नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या, चांगल्या हात दुखेपर्यंत.

घरी आल्यावर यांनी फेटा अलगद काढून कपाटावर ठेवला आणि पलंगाच्या कडेला बसून राहिले. मी पाणी दिलं, तेव्हा हळूच म्हणाले, "त्यो सत्कार माझा नव्हता. दुसऱ्याच कुणाचा तरी हुता."

खोदून विचारलं तेव्हा मला कळलं, की यांनी उभ्या आयुष्यात एकही गोल मारलेला नाही. रफिकभाईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्याइतकं ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. पण नंतर ओशाळून ते मला म्हणाले, की वहिनी, हा माणूस नुसता चेंडू इकडून तिकडे द्यायचा असं सांगितलं असतं, तर लोकांनी टाळ्या कशाला वाजवल्या असत्या? त्यांच्या मनात काही खोट नव्हती. माणूस प्रेमाने खोटं बोलतो तेव्हा त्याच्यावर रागावताही येत नाही, आणि जखम तर झालेली असते. त्या दिवसापासून यांनी मैदानाची वाट सोडली. फिरायला जायचे तेही उलट्या दिशेने, थेट किल्ल्याच्या खंदकाकडे. रफिकभाई मुलींचा नवा संघ उभा करत होते. सगळ्याच मुलींना पुढे राहून गोल मारायचा होता, मध्ये उभं राहायला एकही तयार नव्हती, म्हणून ते यांना न्यायला आले. हे चहा पाजून म्हणाले, ज्यानं गोल मारले त्याला बोलवा. आणि टीव्हीसमोर जाऊन बसले, त्या पोर्तुगीज माणसाच्या सहवासात.

नोकरी संपली तेव्हा मला यांची धास्ती वाटली नव्हती, कारण मैदान होतं. आता मैदानही गेलं, तेव्हा मात्र मला भीती वाटू लागली. दिवसाचा एवढा मोठा पट हा माणूस कशाने भरणार? मग मी ठरवलं, की यांना काही विचारायचं नाही; ज्याच्याकडे हे तासन्‌तास बघतात, त्यालाच विचारायचं. सामना चालू असताना मीही शेंगा सोलत शेजारी बसू लागले आणि बाकीचं मोबाईलवर शोधून वाचू लागले.

काय सांगू तुम्हाला, त्या परक्या माणसाच्या आयुष्याने मला पार गुंतवून टाकलं! समुद्राकाठच्या एका छोट्या गावात जन्मलेला. बाप मासेमारीच्या जाळ्यांचा कारागीर. अंगाने इतका किरकोळ, की मोठ्या क्लबाने पहिल्यांदा घरी परत पाठवला. पुढे घेतला, तोही लगेच दुसऱ्या क्लबाला उसना दिला. फुटबॉलमध्ये माणसं उसनी देतात हे वाचून मी थक्क झाले. पेरणीच्या दिवसांत आमच्याकडे शेजाऱ्याला बैल द्यायचे तसं! तिथून तो उत्तरेच्या एका थंड देशात गेला, जिथे म्हणे हिवाळ्यात दुपारीच दिवे लावावे लागतात. तिथे त्याचा गुडघा गेला. एक अख्खा हंगाम मैदानाबाहेर बसून काढला. परत उभा राहिला, देशाकडूनही थोडंबहुत खेळला आणि शेवटी त्याच समुद्राकाठच्या गावच्या क्लबात येऊन खेळ थांबवला. त्याच्या अखेरच्या सामन्यात वेळ संपायच्या जरा आधी त्याला बाहेर बोलावलं. लोक उभे राहिले. तो बाकावर जाऊन बसला आणि बसल्या जागेवरून बोटाने खुणा करत राहिला, तू तिकडे सरक, तू मागे ये. आपला निरोप चालला आहे, हे तो विसरूनच गेला होता.

या साऱ्या वाचनात त्याच्या गोलांचा उल्लेख मला क्वचितच सापडला. मग इतक्या लोकांनी त्याच्यावर जीव टाकला तो कशासाठी? लिस्बन कुठे, नगर कुठे. पण चावी, बटाटा, पगार, घमेलं हे आपले रोजचे शब्द त्याच्याच देशाच्या गलबतांतून कधीकाळी आले म्हणतात. एवढ्या लांबून आलेली वस्तू आपल्या घरात इतकी मुरते, की ती कुणी आणली हे आपण विचारतही नाही. मधल्या माणसाचं प्राक्तनच ते असावं. आणि आता तो सकाळी उठून काय करत असेल? समुद्रावर जात असेल? जाळी विणत असेल? चहाच्या पेल्याकडे हात नेण्याआधीही खांद्यावरून मागे पाहत असेल का? याचं उत्तर मोबाईलमध्ये मिळालं नाही, आणि ते मिळालं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

उत्तर मिळालं ते कांद्याच्या रानात. हिवरे बाजारच्या अलीकडे यांच्या धाकट्या भावाची शेती आहे. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीऐवजी दिवसाची होती आणि भावाला एका लग्नाला जायचं होतं, म्हणून दारं धरायला हे गेले, सोबत मी. पाटाने पाणी येतं, एक वाफा भरला की खोऱ्याने त्याचं तोंड मातीने बुजवायचं आणि पुढच्याचं उघडायचं. याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. मी बांधावर बाभळीच्या सावलीत बसले होते. पाणी आपल्या संथ, मातकट चालीने येत होतं. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून हे चिखलात उभे होते, आणि पाणी अजून पाटाच्या वळणावरच असताना यांनी चटकन मान वळवून मागे पाहिलं. आधी एका खांद्यावरून, मग दुसऱ्यावरून.

 हीच ती मान! हीच! हिरव्या उजेडात जी मी इतके दिवस पाहत होते, ती माझ्या घरातच होती. कुठला वाफा तहानलेला आहे, कुठल्याचा वरंबा खचला आहे, कुठे उतार जास्त आहे, हे सगळं पाणी पायाशी पोहोचण्याआधी यांच्या डोळ्यांनी टिपलेलं होतं. पाणी आलं तेव्हा करायला उरलं होतं ते केवळ खोऱ्याचं एक फटकारणं. रान भिजतं ते पाण्याने, कांदा पोसतो तो मातीने. दारं धरणाऱ्याचं नाव कांद्यावर कुठे असतं? पण तो नसला तर अर्धं रान कोरडं आणि अर्धं सडलेलं. मला त्या क्षणी या माणसाचा असा अभिमान वाटला, जसा यांना फेट्यात पाहूनही वाटला नव्हता.

मोटार बंद झाल्यावर भाकरी सोडली, तेव्हा न राहवून मी बोलले.

"अहो, पाणी यायच्या आधीच तुम्ही मागे बघता. त्या पोर्तुगीजासारखं."

 हे खाली बघून म्हणाले, "तुला दिसलं व्हय ते?" आणि कांदा फोडून त्यातला मधला, गोडसर भाग माझ्या भाकरीवर ठेवला.

मी मैदानाचं नावही काढलं नाही. पण दोन-चार दिवसांनी संध्याकाळी यांनी जुने बूट झटकले आणि म्हणाले, येतेस का. मैदानावर मुलींनी यांच्याभोवती कोंडाळं केलं. त्यांतल्या एका ठेंगण्या, धीट मुलीने सत्कार पाहिला असावा, तिने सरळ विचारलं, "सर, तुमी लई गोल मारलेत ना?"

रफिकभाईंनी मान खाली घातली.  सगळं या एका प्रश्नाशी येऊन ठेपलं होतं. इथून हा माणूस परत फिरला असता, तर पुन्हा कधीच आला नसता.

"एकबी न्हाई," हे म्हणाले. आणि हसले. सत्कारानंतर पहिल्यांदाच.

"मंग काय करायचा तुमी?"

"मागं बघायचो. ये, दावतो तुला."

सूर्य डोंगरामागे कलत होता आणि मुरमाची तांबूस धूळ त्या पोरींच्या पायांभोवती तरंगत होती. हे चेंडू टाकायचे आणि तो पोहोचायच्या आत तिने मागे वळून, पाठीमागे कोण उभं आहे ते सांगायचं. ती पुन्हापुन्हा चुकत होती. चेंडू दिसला की डोळे त्यालाच चिकटत. मग एकदा चेंडू निघाला आणि तिची वेणी हलली. तिने मान वळवली, एका खांद्यावरून, दुसऱ्या खांद्यावरून, आणि आलेला चेंडू न थांबवता मागच्या मुलीच्या पायात दिला. रफिकभाईंनी टाळी वाजवली. मला वाटलं, हेही वाजवतील.

यांनी टाळी वाजवली नाही. यांनी खांद्यावरून मागे, थेट माझ्याकडे पाहिलं. मैदानाच्या कडेला बरीच माणसं बसली होती आणि मी मघापासून दोनदा जागा बदलली होती. तरी यांची नजर कुठे अडखळली नाही. मी कुठे बसले आहे, हे यांना आधीच ठाऊक होतं.