धरणातला डोंगा

आमच्या कॉलेजातल्या त्या सीनियरला आम्ही सगळे दादा म्हणायचो. कुणाबद्दल असं लिहू नये, हे मला कळतं. पण त्याच्याबद्दल चांगलं काही सुचतच नाही.

वरूडकडच्या एका धरणात काठाजवळ लोखंडी डोंगा बुडालेला आहे. उन्हाळ्यात तिथे पुरुषभरच पाणी उरतं. दादा त्याला ‘जहाज’ म्हणायचा. तो, त्याचा एक मित्र आणि मी तिथे निघालो, तेव्हा पाण्याखाली बघायचा चष्मा आणि श्वासाची नळी त्याने अमरावतीला बसमध्ये चढतानाच गळ्यात घातली. लोक बघत होते. त्यासाठीच तर होतं ते.

माझं डोंग्याशी वेगळं काम होतं. गाव धरणात गेलं तेव्हा लहानगी आई त्याच डोंग्यातून बाहेर आली होती. “टोकाले कडी होती. मांडीत बकरी अन् मुठीत कडी धरून बसली होती मी. पाह्यजो, हाय का अजून,” ती म्हणाली होती. पाठीला रिकामा कॅन बांधून विहिरीत पोहायला शिकलेली घरात मी एकटीच. दुसरं कोण बघणार?

पाणी स्थिर होतं. काठावरून डोंग्याची कड दिसत होती.

“दादा, हळू उतरा. खाली गाळ आहे,” मी चाचरत म्हणाले.

“तू मले शिकवून राहिली का? मामाच्या मळ्यातली विहीर गाजवली आपण!”

त्याने मोबाइल मित्राकडे दिला, गुडघे पोटाशी घेतले आणि खडकावरून धाडकन उडी टाकली. विहिरीत अशा उडीने काही बिघडत नाही. इथे तळाची सगळी काळी माती वर आली. दादाही वर आला, खोकत, नळी हरवून.

“काहीच नाही राव इथं. पाणीच खराब आहे.”

मग काठावर बसून तो मोबाइलसमोर जहाजाबद्दल बोलत राहिला. कानातून चिखल ओघळत होता.

परतीच्या बसपर्यंत गाळ बसणार नव्हता. मला रडू येत होतं. मी डोळे मिटूनच बुडी मारली. बऱ्याच बुड्या वाया गेल्यावर बुळबुळीत कड हाताला लागली. तिला धरून सरकत टोकाला गेले.

कडी होती. माझी तीनच बोटं मावली. आईची तेव्हा आख्खी मूठ मावली असेल.

काठावर येऊन फोन लावला. “आई, हाय कडी.”

 तिने विचारलं, “दिसली?”

“नाही. धरली.”

मागून दादा ओरडला, “माही नळी दिसली का तिथं?”

“काहीच नाही इथं, दादा,” मी म्हणाले.